जुनी हिमालयन घेतलीत? आधी कोनसेट, मग क्रॅश गार्ड

प्रश्न: गेल्या महिन्यात पुण्यातून 2018 सालची रॉयल एन्फील्ड हिमालयन 411 घेतली. बीएस-4 आहे, एबीएस नाही. मीटरवर 26 हजार किलोमीटर. कराडला आणताना लक्षात आलं की 60-70 च्या वेगात हँडल थरथरतं आणि पुढचा ब्रेक दाबला की हाताला ‘टक्’ असा ठोका लागतो. तासाभरात डावा हात बधिर होतो. आमचा मेकॅनिक म्हणतो, ‘इंजिन फ्लश करून घ्या, बाकी जुन्या गाडीत एवढं चालायचंच.’ माझ्या यादीत क्रॅश गार्ड, फॉग लाइट, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, मागे रुंद टायर, हँडल रायझर आणि टॉप बॉक्स आहे. बजेट 40 हजार. दिवाळीनंतर पत्नीसोबत सागरी महामार्गाने गोव्याला जायचं आहे, पुढच्या उन्हाळ्यात एकट्याने स्पीतीला. माझी उंची पाच फूट सहा इंच. टायरवर पुढे 4517 आणि मागे 3320 असे आकडे आहेत, त्यांचा अर्थ काय? फॉर्मवर आधीच्या मालकाच्या सह्या घेऊन ठेवल्यात, ट्रान्सफर सवडीने करीन. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, कराड

उत्तर: नमस्कार. गाडी चांगली निवडलीत. हिमालयनचं 411 सीसीचं इंजिन साधं आणि सोशिक आहे, आणि सुटे भाग सातारा-कराडकडेही मिळतात. पण तुमची यादी उलटी धरावी लागेल. हँडल थरथरणं आणि ब्रेकला टक् होणं ‘चालायचंच’ या सदरात मुळीच येत नाही. मागे पत्नी, दोन्ही बाजूंना सामान आणि समोर आंबोलीचा उतार असेल तेव्हा याच दोन गोष्टी जिवाशी येतात. म्हणून आधी हँडल, टायर, ब्रेक आणि चेन. मग बसण्याची सोय. उरलेल्या पैशांत लाइट आणि सामान. सायलेन्सर आणि रुंद टायर यादीतून आजच खोडा.

कोनसेटपासून, म्हणजे फ्रेमच्या गळ्यात हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगपासून, सुरुवात करा. या गाडीत, विशेषतः सुरुवातीच्या मॉडेलमध्ये, कोनसेट लवकर जातो हे हिमालयन चालवणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहे. तपासणी घरीच होते. गाडी डबल स्टँडवर घ्या आणि बॅश प्लेटखाली (इंजिनखालच्या संरक्षक पत्र्याखाली) लाकडी ठोकळा किंवा छोटा जॅक लावून पुढचं चाक जमिनीपासून बोटभर उचला. बॅश प्लेट पातळ असेल तर भार इंजिनच्या जाड भागाखाली येईल असं पाहा, आणि मागच्या कॅरियरवर कुणाला तरी हात ठेवून उभं करा. आता हँडलच्या टोकाला एकच बोट लावून ते डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश फिरवा. बरोबर मध्यावर, चाक सरळ असताना, बारीकशा खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेला असं समजा. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे खड्ड्यांचे सगळे ठोके बॉल एकाच जागी झेलतात आणि वाटीत तिथेच खड्डे पाडतात. आतलं ग्रीस वाळलेलं असेल तर हे आणखी लवकर होतं. म्हणूनच नट आवळून ही खाच जात नाही. आवळल्यावर दोन दिवस बरं वाटतं, मग हँडल जड होतं आणि वळणात गाडी स्वतःच्या मनाने चालते.

दुसरी चाचणी त्या ‘टक्’साठी. गाडी जमिनीवर उभी करा, पुढचा ब्रेक घट्ट धरा आणि गाडी मागे-पुढे हलवा. त्याच वेळी दुसऱ्या माणसाला फोर्कच्या खालच्या क्लॅम्पच्या आणि फ्रेमच्या फटीवर बोट ठेवायला सांगा. तिथे हालचाल जाणवली तर दोष कोनसेटचा. तिथे सगळं शांत असेल आणि ठोका खाली चाकाकडे लागत असेल, तर कॅलिपरमध्ये (डिस्क पकडणाऱ्या ब्रेकच्या भागात) पॅड सैल आहेत, कॅलिपरच्या पिना झिजल्यात किंवा चाकाचं बेअरिंग गेलंय. बेअरिंगसाठी चाक उचललेलं असतानाच ते वरून-खालून धरून हलवून पाहा. त्यात प्ले, म्हणजे सैलपणा, अजिबात नको.

कोनसेट बदलायचाच झाला तर मूळ बॉलच्या सेटऐवजी टेपर्ड रोलरचा सेट बसवा. रोलरचा भार एका बिंदूवर न येता रेघेवर पसरतो, त्यामुळे आपल्या खड्ड्यांत तो जास्त टिकतो. मात्र बसवणारा जाणकार हवा. जुन्या वाट्या छिन्नीने वेड्यावाकड्या ठोकून काढल्या की फ्रेमच्या गळ्याला ओरखडे पडतात आणि नवीन वाटी तिरकी बसते. नवीन बेअरिंग बसवण्यापूर्वी रोलरमध्ये ग्रीस हाताने दाबून भरलेलं असायला हवं, वरवर पुसलेलं चालत नाही. नट आधी जरा जास्त आवळून हँडल दोन्ही बाजूंना पाच-सहा वेळा पूर्ण फिरवायचं, म्हणजे वाट्या बैठक घेतात. मग नट सैल करून पुन्हा असा आवळायचा की चाक उचललेलं असताना हँडलला टिचकी मारली की ते आपल्याच वजनाने एका बाजूला जाऊन टेकावं, पण फोर्क मागे-पुढे ओढल्यावर जराही प्ले नसावा. पहिल्या 500 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासून घ्या, कारण तेवढ्यात वाट्या थोड्या आणखी बसतात.

कोनसेटसाठी पुढचा भाग उघडलेला असताना आणखी एक काम करा, ते फुकट आहे. फ्रेमच्या गळ्याभोवतीचे सगळे वेल्डिंगचे जोड ओल्या फडक्याने पुसून टॉर्चच्या उजेडात नीट बघा. रंगातून केसासारखी बारीक गंजाची रेघ दिसली तर ती चीर असू शकते. हिमालयनच्या सुरुवातीच्या काही गाड्यांच्या फ्रेम या भागात तुटल्या होत्या. हँडल पूर्ण वळल्यावर फ्रेमला जिथे टेकतं, तो लॉक-स्टॉपही पाहा. तो चेपलेला किंवा वाकलेला असेल तर गाडी कधीतरी समोरून जोरात आदळलेली आहे. तसं असेल तर फोर्कचे नळे सरळ आहेत का ते काचेवर लोळवून तपासून घ्या, नाहीतर नवीन कोनसेट बसवूनही थरथर तशीच राहील.

थरथर कोनसेटमुळेच आहे असं मात्र धरून चालू नका. पुढच्या टायरचे गठ्ठे (नक्षीचे उंचवटे) एका बाजूने झिजले असतील, रिम आउट, म्हणजे वाकडी, असेल किंवा स्पोक सैल असतील तरीही नेमक्या याच वेगात हँडल हलतं. प्रत्येक स्पोकवर पान्याने हलकेच टकटक करत जा. ताणलेला स्पोक ‘टिंग’ वाजतो, सैल झालेला ‘ठप्’. दोन-तीन ठप् मिळाले तर व्हील बॅलन्सिंग करणाऱ्याकडे न जाता आधी स्पोक ताणणाऱ्या जुन्या कारागिराकडे जा.

आता तुमचे टायरवरचे आकडे. पहिले दोन अंक आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. 4517 म्हणजे 2017 च्या 45 व्या आठवड्यात बनलेला टायर. म्हणजे पुढचा टायर गाडीसोबत आलेलाच आहे. मागचा 2020 च्या 33 व्या आठवड्यातला. दोन्हींवर गठ्ठे शिल्लक असले तरी पुढचा बदलाच, आणि मागचाही या ट्रिपआधीच बदललेला बरा. रबर वयाने कडक होतं. कोरड्या रस्त्यावर ते कळत नाही, पण पहिल्या पावसात, शेणाने माखलेल्या गावरस्त्यावर किंवा जंगलजेटीच्या, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीच्या, ओल्या लोखंडी रॅम्पवर लगेच कळतं. तुमच्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे टायरची पकड हाच तुमचा आधार आहे. माप मूळचंच ठेवा, पुढे 90/90-21 आणि मागे 120/90-17. मागे 130 किंवा 140 टाकल्याने गाडी दिसते भारी, पण त्याच रिमवर रुंद टायर फुगून गोल होतो, वळणात गाडी कलवायला जास्त जोर लागतो आणि कडा स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या), चेनच्या जवळ जातात. टायरसोबत दोन्ही ट्यूब आणि रिमटेप नवीनच घ्या. जुनी ट्यूब वाचवून शे-दोनशे वाचतात आणि रिमटेपखालचा गंज ट्यूब खातो. हवा एकट्याने जाताना पुढे 25 आणि मागे 32 पीएसआयच्या आसपास, दोघं आणि सामान असेल तेव्हा मागची दोन-तीनने जास्त. गाडीवरच्या स्टिकरवर वेगळा आकडा असेल तर स्टिकरचंच ऐका. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा.

ब्रेकमध्ये पॅडची जाडी पाहा. दीड-दोन मिलिमीटर उरली असेल तर नवीन टाका. पण माझा भर ब्रेक ऑइलवर आहे. ते हवेतली ओल शोषून घेतं, आणि लांब उतारावर गरम झालं की त्या ओलीची वाफ होऊन लिव्हर हँडलला टेकतो. मास्टर सिलिंडरच्या काचेतून ऑइल चहासारखं दिसत असेल तर बदलाच, आणि रंग ठीक असला तरी दर दोन वर्षांनी बदला. डॉट-4 ची सीलबंद 250 मिलिलिटरची बाटली दोन्ही ब्रेकना पुरते. ब्लीडिंग निपलला पारदर्शक नळी लावा, लिव्हर दाबून धरा, निपल पाव आटा उघडा, ऑइल आलं की बंद करा, मग लिव्हर सोडा. लिव्हर आधी सोडला तर हवा आत ओढली जाते, सगळ्यात जास्त चूक इथेच होते. वरची टाकी रिकामी होऊ देऊ नका. टाकीवर किंवा मडगार्डवर थेंब पडला तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग सुटतो. उरलेलं ऑइल पुढच्या वर्षीसाठी ठेवू नका. पॅड काढलेलेच असतील तेव्हा कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून त्यांना ब्रेकचंच ग्रीस लावा. साधं ग्रीस तिथल्या रबराला फुगवतं.

चेनची झीज पाहायची सोपी रीत अशी. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने मागे ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा दिसला तर चेन संपली. बदलताना चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला, नवीन चेन जुन्या दातांवर काही हजार किलोमीटरांतच लांबते. ताण किती ठेवायचा ते मॅन्युअलमध्ये आहे, पण तो चाक फिरवून जिथे चेन सगळ्यात घट्ट आहे तिथे मोजा, आणि शंका असेल तर जराशी सैल ठेवा. या गाडीचं मागचं सस्पेन्शन 180 मिलिमीटर खाली-वर होतं. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. रिकाम्या गाडीवर मस्त घट्ट केलेली चेन दोघं बसून खड्ड्यात गेल्यावर तारेसारखी ताणते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते. साफ करायला रॉकेल आणि मऊ ब्रश चालतो. पेट्रोल नको, त्याने ओ-रिंग कडक होतात. वंगण गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना आतल्या बाजूने द्या. 500 किलोमीटरनी एकदा, पावसात 300 ला.

आता ज्या कामाचं नाव फारसं कुणी काढत नाही ते. मागच्या शॉकअपच्या खाली जी लिंकेज, म्हणजे शॉकअप आणि स्विंगआर्म जोडणारी सांध्यांची जोडणी, आहे, ती उघडून ग्रीस करून घ्या. ती चिखल-पाण्याच्या तोंडावरच असते, वॉशिंग सेंटरवाला प्रेशरचा पाइप नेमका तिथेच धरतो, आणि नेहमीच्या सर्व्हिसमध्ये ती सहसा उघडली जात नाही. 26 हजारांत ती एकदाही उघडली नसण्याचीच शक्यता जास्त. सीटवर बसताना ‘किर्र’ असा आवाज येतो का ते ऐका. काही गाड्यांत आवाजही येत नाही, फक्त मागचं सस्पेन्शन दगडासारखं वाटतं आणि माणूस बिचारा नवीन शॉकअप घेऊन टाकतो. गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक ठोकळ्यावर असं टेकवा की लिंकेजवर ना दाब राहील ना ओढ. मग बोल्ट एकेक करून काढा. आतली गुळगुळीत बुश बोटाने ढकलली की बाहेर येते. ती तपकिरी, कोरडी असेल तर रॉकेलने धुवा. नखाने घासून पाहा. खाच लागली तर बुश आणि बेअरिंग दोन्ही बदला, नुसता गंजाचा थर असेल तर साफ करून पाण्याला टिकणारं ग्रीस बेअरिंगच्या फटीफटीत दाबून भरा. सील उलटी बसवू नका. बोल्ट टॉर्क रेंचने, सर्व्हिस मॅन्युअलच्या आकड्यावरच आवळा. दोन-अडीच तासांचं काम आहे. तुमच्यासारख्या गाडीत याने जेवढा फरक पडेल तेवढा कुठल्याच ॲक्सेसरीने पडणार नाही. त्याच बैठकीत स्विंगआर्मचा मुख्य बोल्टही काढून ग्रीस लावा. तो कधीच न काढलेला असला तर गंजून आतच धरतो, आणि मग हातोडाच चालवावा लागतो.

इंजिन फ्लश नको. फ्लशने सुटलेला चिकट गाळ बारीक जाळीत आणि ऑइलच्या वाटांत अडकू शकतो, आणि उरलेलं फ्लशचं द्रव नवीन ऑइल पातळ करतं. त्याऐवजी इंजिन दहा मिनिटं चालवून, ऑइल गरम असतानाच सोडा, फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर नवीन लावा आणि 15डब्ल्यू-50, जेएएसओ-एमए दर्जाचं ऑइल भरा. दोन लिटरच्या आसपास लागेल, पण बाटलीवरून मोजू नका. दोन-तीन मिनिटं इंजिन चालवा, बंद करून थोडं थांबा, गाडी सरळ उभी ठेवा आणि उजव्या बाजूच्या काचेत पातळी पाहा. जास्त भरणंही तितकंच वाईट. काढलेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात ओतून उन्हात बघा. बारीक चकाकणारी पूड जुन्या इंजिनात चालते, नखात अडकतील असे धातूचे तुकडे चालत नाहीत. आधीचा इतिहास माहीत नाही, म्हणून पुढचं ऑइल 10 हजारांची वाट न पाहता 2-3 हजारांतच बदला. त्यानंतर नेहमीच्या वेळापत्रकावर या.

टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली बारीक फट) थंड इंजिनावर तपासून घ्या. हिमालयनचा टॅपेट थोडा वाजतो, त्याला घाबरू नका, आणि मेकॅनिकला ‘आवाज बंद कर’ असं कधी सांगू नका. तो टॅपेट घट्ट करून आवाज घालवेल, पण मग एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होणार नाही, गरम गाडी सुरू व्हायला त्रास देईल आणि व्हॉल्व्ह जळेल. एअर फिल्टर आणि प्लग नवीन टाका. पेट्रोलचे रबरी पाइप वाकवून चिरा पाहा. तुमची गाडी ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं, पेट्रोल येण्याआधीची आहे, जुनं रबर त्यात लवकर खराब होतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धीमुर्धी ठेवू नका.

हिमालयनला किक नाही, म्हणून बॅटरीकडे लक्ष द्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास असावी, इंजिन 3 हजार आरपीएमला असताना 13.8 ते 14.5. चालू गाडीत आकडा 13 च्या खाली असेल तर आधी चार्जिंग दुरुस्त करा, नवीन बॅटरी त्यानंतर. आणखी एक खोड लक्षात असू द्या. गिअर टाकला की गाडी बंद पडते, अशी वेळ आली तर इंजिन खोलायला देण्याआधी साइड स्टँडचा स्विच पाहा. त्यात चिखल गेला की गाडीला वाटतं स्टँड खालीच आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरची एक फवारणी पुरते.

डावा हात बधिर होण्याचं कारण बहुधा क्लचची केबल आहे. आतून कोरडी, काही तारा तुटलेली केबल हळूहळू जड होत जाते आणि आपल्याला सवय होते. नवीन टाका आणि लिव्हरच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर प्ले ठेवा. जुनी काढून फेकू नका. ती चालण्याजोगी असेल तर साफ करून, तेल घालून नवीन केबलच्या शेजारूनच झिपटायने बांधून ठेवा. घाटात केबल तुटली तर दोन टोकं बदलली की झालं. लिव्हरचा कोनही बघा. हात खांद्यापासून सरळ खाली येऊन हँडलवर टेकेल तेव्हा मनगट न वाकता बोटं लिव्हरवर पडायला हवीत. बहुतेक गाड्यांत लिव्हर फार वर असतात. बोल्ट सैल करून बोटभर खाली फिरवा, पैसे लागत नाहीत. तुमच्या उंचीला हँडल उंच करणाऱ्या रायझरची गरज नाही. ते हात खांद्याच्या वर आणतील, आणि हँडल पूर्ण वळल्यावर ब्रेकचा पाइप ताणला जातो तो धोका वेगळाच. त्या पैशांत सीटचा फोम बदलून घ्या, पत्नीच्या बाजूचाही. दोघांनी एकदा बसून, तिचे गुडघे कसे येतात ते पाहूनच फोम कापायला सांगा.

दोघं आणि सामान असेल तेव्हा मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा दाब, वाढवा. डबल स्टँडवर मागच्या ॲक्सलपासून सीटपर्यंत अंतर मोजा, मग दोघं सामानासह बसल्यावर पुन्हा मोजा. फरक 60 मिलिमीटरच्या आसपास यावा. 80-90 येत असेल तर प्रीलोडच्या एक-दोन पायऱ्या चढवा. नंतर भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइट खाली आणा, नाहीतर समोरचा आंधळा होतो.

आता तुमची उरलेली यादी. क्रॅश गार्ड घ्या, पण इंजिनला तीन ठिकाणी बसणारा आणि फ्रेमच्या मूळ बोल्टवरच येणारा. फार बाहेर आलेला गार्ड गाडी आडवी झाल्यावर जमिनीत रुततो आणि ती फिरवून टाकतो. टॉप बॉक्स नको. मागच्या ॲक्सलच्या मागे, उंचावर ठेवलेलं दहा किलो वजन पुढचं चाक हलकं करतं, आणि तुमची तक्रार तर आधीच हँडलच्या थरथरीची आहे. दोन्ही बाजूंना मऊ सॅडल बॅग लावा, वजनात दोन किलोपेक्षा जास्त फरक ठेवू नका, जड वस्तू खाली आणि पुढे. कॅरियरवर फक्त रेनकोट आणि खाऊ.

फॉग लाइट पिवळे, 20 वॅटची जोडी, गुडघ्याच्या उंचीवर. आंबोलीच्या धुक्यात पांढरा उजेड भिंत होऊन परत येतो. वायर हेडलाइटच्या वायरीला जोडू नका. बॅटरीपासून 5 ॲम्पिअरच्या फ्यूजमधून रिलेच्या 30 नंबरला, 87 मधून लाइटला, 85 अर्थला, 86 स्विचमार्फत पार्किंग लाइटच्या वायरीवर. फ्यूज बॅटरीपासून वितभर अंतरातच हवा, तो लाइटजवळ लावला तर मधली वायर घासली की आग लागते. जॉइंट ट्विस्ट करून टेप मारलेले नकोत, कापडी टेपखाली कोकणच्या खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडतं. शहरात हे लाइट बंद ठेवा. हेडलाइटमध्ये स्वस्त एलईडी बल्ब टाकू नका. मूळ रिफ्लेक्टर एच-4 च्या फिलामेंटसाठी बनलेला आहे, एलईडीचा उजेड विस्कटतो आणि रस्ता उलट कमी दिसतो.

सायलेन्सर का नको, तर मूळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढला की पीयूसीत गाडी अडकते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार परवानगी नसलेला बदल ठरतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हींची तरतूद आहे. शिवाय मागे बसलेल्या माणसाला आठ तास तो आवाज ऐकायचा असतो.

आणि कागद. ‘सवडीने’ हा शब्द कृपा करून विसरा. मालकी बदलाचा अर्ज 30 दिवसांत करायचा असतो आणि विमा कंपनीला 14 दिवसांत कळवायचं असतं. विमा जुन्या नावावर असताना अपघात झाला तर तुमच्या गाडीच्या नुकसानभरपाईचा दावा अडकतो. नो क्लेम बोनस आधीच्या मालकाचा असतो, गाडीचा नाही, तेव्हा प्रीमियम वाढेल हे धरून चला. फॉर्म 29 आणि 30 सोबत आधीचं कर्ज असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र लागेल. प्रलंबित ई-चलान आधी तपासा, त्यावर काम थांबू शकतं. पुण्याची गाडी कराडच्या पत्त्यावर येते आहे, तर आणखी काय लागेल ते आरटीओतच विचारा. 1 एप्रिल 2019 पूर्वीची नोंदणी असल्याने हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही बसवावी लागेल.

तुमच्या 40 हजारांतला मोठा वाटा टायर, कोनसेट, चेनसेट आणि लिंकेजच्या कामातच जाईल. उरतील त्यात सीट आणि बॅगा, मग गार्ड, शेवटी लाइट. पैसे संपले तर लाइट पुढच्या पगारावर ढकला, टायर ढकलू नका.

स्पीतीचं आता थोडक्यात. इंजेक्शनची गाडी असल्याने उंचीवर कार्ब्युरेटरचा जेट बदलायची भानगड नाही, ताकद थोडी कमी होईल इतकंच. जेरीकॅन लागणार नाही. 15 लिटरच्या टाकीत डोंगरातही 400 किलोमीटर जातात, आणि रिकाँग पिओ ते काझा, काझा ते मनाली हे टप्पे साधारण दोन-दोनशेचे आहेत. जूनच्या सुरुवातीला कुंझुम खिंड उघडलेली असेलच असं नाही, निघण्याआधी चौकशी करा. सगळ्यात महत्त्वाचं, पंक्चर काढायला घरीच शिका. टायर ट्यूबचे आहेत, ट्यूबलेस टायरच्या मशरूम प्लगचा उपयोग नाही. दोन टायर लिव्हर, पॅच, छोटा पंप आणि ॲक्सलला बसणारा पाना घेऊन अंगणात एकदा मागचं चाक स्वतः काढा, टायर उतरवा, पुन्हा बसवा. जागा एकाच ट्यूबची असेल तर 21 इंची न्या, अडीनडीला ती मागच्या 17 इंची चाकात कोंबून गावापर्यंत जाता येतं. उलटं होत नाही.

गोव्याला निघण्याच्या दोन आठवडे आधी, सगळी कामं झाल्यावर, एक चाचणी फेरी करा. कराडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि परत. दोघं, पूर्ण सामानासह. निघण्यापूर्वी ॲक्सल, लिंकेज, कॅलिपर, हँडल आणि गार्डच्या प्रत्येक नटावर आणि त्याखालच्या धातूवर मिळून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. परत आल्यावर टॉर्च घेऊन रेघा बघा. जी तुटून सरकली असेल तो नट हलला आहे. तो आवळा, रेघ पुसून पुन्हा ओढा आणि पुढच्या रविवारी तीच फेरी पुन्हा मारा.